पेन्सिलीच्या तारखा

(परसातलं खुराडं. एक निवृत्त घड्याळजी आणि त्याची धाकटी बहीण.)

घड्याळजी: हे सहाव्या कोंबडीचं अंडं. अजून कोमट आहे. आणि हेही तपकिरीच.

बहीण: छान आहे की, दादा. केवढं मोठं आहे.

घड्याळजी: छान काय, कपाळ! सहा तरण्या तलंगांनी पहिलं अंडं घातलं आणि एकही हिरवं नाही. बाप निळ्या अंड्याच्या वाणाचा, आया गडद तपकिरी अंडी घालणाऱ्या. लेकींचं अंडं हिरवंच यायला हवं. तुझ्या वहिनीनं सात वर्षं हेच केलं, एकदाही चुकलं नाही.

बहीण: होतं असं एखाद्या वेळी.

घड्याळजी: सहाच्या सहा वेळा? अगं, एक घड्याळ मागे पडलं तर ते घड्याळ बिघडलेलं असतं. दुकानातली सगळीच मागे पडली तर लावणाराच चुकलेला असतो. यांचा बाप आपला साहेब कोंबडा नाही. कुणाचा कोंबडा कुंपणावरून आला होता का?

बहीण: दादा, जरा स्टुलावर बस.

घड्याळजी: बसून काय होणार आहे?

बहीण: बस म्हणते ना. सकाळची गोळी घेतलीस?

घड्याळजी: घेतली. काय झालंय?

बहीण: तो भिंतीवर उभा आहे ना, तो साहेब नाही. तू दवाखान्यात गेलास, त्याच्या चौथ्या दिवशी इथं कुत्रं शिरलं. खुराड्याची कडी मीच नीट लावली नव्हती.

घड्याळजी: साहेब नाही? सात महिने मी याला हातानं दाणे भरवतोय.

बहीण: हो. मला बघवायचं नाही.

घड्याळजी: घरी आलो त्या दिवशी यानं मला चोच मारली. तू म्हणालीस, रुसलाय, इतके दिवस टाकून गेलास म्हणून. मी त्याची माफी मागितली गं.

बहीण: मग काय सांगणार होते? मनाला धक्का बसेल असं काही सांगू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चार बाजार पालथे घातले मी. तीच चंदेरी पिसं, तीच काळी किनार, तीच शेपटी.

घड्याळजी: पिसं बघून काय कळतं? कोंबड्याच्या रक्तात कुठला रंग आहे ते लेकींनी अंडी घातल्याशिवाय कळत नाही. तिनं जायच्या आधी स्वतः काढलेला शेवटचा कोंबडा होता तो. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं माझ्याकडे.

बहीण: ठाऊक आहे रे. म्हणून तर जीभ उचलेना.

घड्याळजी: थांब. त्याची अंडी होती की. कोंबडीखाली बसवायला म्हणून बारा वेगळी काढली होती मी, पेन्सिलीनं तारखा घालून. ओट्यावरच्या टोपलीत. ती बसवलीस ना?

बहीण: दवाखान्यात डब्यातून रोज दोन उकडलेली अंडी यायची तुला.

घड्याळजी: यायची. त्याचं काय?

बहीण: तारखा बघून मला वाटलं, जुनं कुठलं आणि ताजं कुठलं ते तू लिहून ठेवलंयस. म्हणून जुनी आधी उकडली.

घड्याळजी: मी खाल्ली?

बहीण: अकरा.

घड्याळजी: मीच खाल्ली. वर मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली.

बहीण: सहाव्या दिवशी तू म्हणालास, दोन जात नाहीत, एकच आण. बारावं राहिलं. तोवर साहेब गेला होता. ते उकडायला हात धजेना, म्हणून खुडूक कोंबडीखाली सरकवलं.

घड्याळजी: पिल्लू निघालं?

बहीण: निघालं. पण मोठ्या कोंबड्यांनी टोचून टोचून त्याची पाठ उघडी केली.

घड्याळजी: ती बोडकी? दूधवाल्यानं दिलेली?

बहीण: दूधवाल्यानं काही दिलं नव्हतं.

घड्याळजी: आणि मी तिला शिंपीणबाईंच्या घरी पाठवली. असली पिसं उडालेली कोंबडी माझ्या खुराड्यात नको म्हणून.

बहीण: मी तोंड उघडलं असतं तर साहेबाचंही सांगावं लागलं असतं. चुकलंच माझं.

घड्याळजी: ते राहू दे. आहे ना ती? कापली तर नाही त्यांनी?

बहीण: काल दुपारपर्यंत होती. दारात भेटल्या, तर तक्रार करत होत्या. कोंबडी आजारी आहे, परत घेऊन जा म्हणाल्या. मी आपलं हो हो केलं, नीट ऐकलंही नाही.

घड्याळजी: काय होतंय तिला?

बहीण: अंडी घालायला लागली, पण ती फेकून द्यावी लागतात म्हणे. शेवाळ धरल्यासारखी निघतात. घासून धुतली तरी जात नाही.

घड्याळजी: माझ्या चपला दे. आणि त्यांना फोन कर. घासू नका म्हणावं, मी येतोय.