रेघ आधी, पाना नंतर

एक पिवळी रेघ. लांबी साधारण दोन सेंटिमीटर, जाडी तांदळाच्या दाण्याएवढी. अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. मोटारीच्या पोटाखाली असते, म्हणून आपल्याला ती कधी दिसत नाही. पण घाटात वळण घेताना आपण ज्या भरवशावर स्टीअरिंग फिरवतो ना, मंडळी, तो भरवसा या रेघेवर उभा असतो!

रेघ कशाची? बोल्ट पुरता आवळला, याची खूण. आता प्रश्न ऐका. खूण आहे, पण खुणेमागचं काम झालेलंच नाही — तर खोटं कुणाचं? रेघ ओढणाऱ्याचं? ती पाहून गाडी पुढे पाठवणाऱ्याचं? की सगळं कळूनही गप्प बसणाऱ्याचं?

उत्तराची घाई नको. आज खंडेनवमी. आपापल्या हत्यारांना हळदकुंकू लावून तुम्ही इथे देवापुढे बसला आहात. तर आजचं आख्यान एका हत्याराचं — पान्याचं!

एक मोटारींचा कारखाना होता. कुठला, ते विचारू नका. मी रचलेला आहे. पुढच्या रांगेतल्यांनी एकमेकांकडे बघायचं काही कारण नाही!

त्या कारखान्यात लाईनवर दर दीड मिनिटाला एक गाडी पुढे सरकायची. चौदा नंबरच्या जागेवर पुढच्या चाकांचा सांधा गाडीला जोडायचे. सहा बोल्ट. आधी मशीन ते बोल्ट नुसते बसवायचं. मग ज्ञानू कुंभार टॉर्क पान्याने आवळायचा. हा पाना शहाणा — ठरलेला जोर लागला की ‘कट्’ असा आवाज देतो. तो आवाज आला, की शेजारच्या मुजावरने पिवळी रेघ ओढायची. आधी कट्, मग रेघ. आधी आंघोळ, मग गंध! यात न कळण्यासारखं काही आहे का? नाही.

लाईनचे सुपरवायझर यशवंत घोलप. सगळे त्यांना तात्या म्हणत. माणूस कडक, पण हाताखालच्यांना जपणारा. चार वर्षांपूर्वी लाईनचा वेग वाढला. पूर्वी एका गाडीला दोन मिनिटं मिळायची, आता दीड. चौदा नंबरवर गाडी अडायला लागली. तात्या तिथे येऊन उभे राहिले, आणि त्यांना दिसलं, की कट् होईपर्यंत मुजावर रिकामा असतो.

“काय रे मुजावर, लग्नातल्या फोटोग्राफरासारखा ताटकळतोस काय?”

“कट् व्हायची वाट बघतोय, तात्या.”

“वाट कसली बघतोस? तू रेघा ओढून ठेव. ज्ञानू पाठोपाठ येतोच आहे!”

झालं! गाडीमागे नऊ सेकंद वाचले. तात्यांचा फोटो फलकावर लागला. मंडळी, नऊ सेकंदांत आपण काय करतो? जांभईसुद्धा पुरी होत नाही! पण तिथे गंध आधी लागलं, आंघोळ मागे राहिली.

पुढे काय झालं? फारसं काहीच नाही. एखाद्या दिवशी ज्ञानूची टोपी पडायची. उचलायला वाकायचा, उठून बघायचा — बोल्टवर पिवळी रेघ. जुनी सवय सांगायची, हा आवळून झाला! तो पुढच्या बोल्टकडे वळायचा. ज्ञानू खोटं बोलला? नाही. मुजावर? त्यालाही वाटायचं, ज्ञानू येतोच आहे. शेवटच्या तपासणीत फक्त पिवळं दिसतं का, एवढंच बघायचे. तेही दिसत होतं! तीन ठिकाणी तीन प्रामाणिक माणसं, आणि बोल्ट ढिला.

मग एक गाडी परत आली. पुढच्या डाव्या चाकातून ठकठक. गॅरेजने तो बोल्ट पिशवीत घालून तात्यांकडे पाठवला. सोबत चिठ्ठी — ‘बोल्ट सैल होता. रेघ आहे.’

तात्यांना त्या क्षणी सगळं कळलं. आणि त्यांनी पिशवी खणात ठेवली.

दुष्ट होते का? मुळीच नाही! हजारांत एखादी गाडी, म्हणाले. दसरा होऊ दे, म्हणाले. तीन आठवडे रोज सकाळी ठरवायचे, की आज बोलायचं. रोज संध्याकाळी म्हणायचे, उद्या. पेटीवाले काका मान डोलवताहेत. ओळखीचं दिसतंय!

खंडेनवमीची दुपार. यार्डात दसऱ्याच्या तीनशे चाळीस गाड्या उभ्या, सकाळी ट्रकवर चढायच्या. आणि क्वालिटीतली संजीवनी टेकाळे दिवा घेऊन एका गाडीखाली आडवी झाली. तिने काय पाहिलं? बहुतेक रेघा मधोमध जराशा तुटलेल्या होत्या. बरोबरच आहे — रेघ आधी आणि आवळणं नंतर, तर बोल्ट फिरणार आणि रेघ तुटणार. पण एका बोल्टवरची रेघ अगदी सरळ, अखंड. सगळ्यांत देखणी! तिने त्यालाच पाना लावला. बोल्ट पाव वळसा फिरला, तेव्हा कुठे कट् झालं.

चाळीस गाड्या तपासून ती तात्यांच्या केबिनमध्ये आली.

“तात्या, दोन बोल्ट सापडले. चाळीस गाड्यांत.”

“दोनच ना? आवळून टाक.”

“ते आवळले. राहिलेल्या तीनशे?”

“बाई, उद्या दसरा आहे. लोक हार आणून बसलेत घरी.”

“मी त्या लोकांबद्दलच बोलतेय.”

“गाडीखाली झोपून रेघा बघायला तुला सांगितलं कुणी?”

“तुम्ही. मी रुजू झाले त्या दिवशी. म्हणालात, कागद काय सांगतो ते नंतर, आधी गाडीखाली जा.”

तात्यांनी खण अर्धा उघडला, पुन्हा लावला.

“साहेबांना संध्याकाळपर्यंत अहवाल हवाय. नावांसकट. रेघ आधी ओढायला कुणी लावलं, असं मी त्या दोघांना विचारलं. ज्ञानू म्हणतो माझी चूक. मुजावर म्हणतो, त्याची नाही, माझी. दोघं घरी बसतील, तात्या. मी काय लिहू?”

टेबलावर माइक होता. त्यावर बोललेलं सगळ्या लाईनवर ऐकू जायचं. तात्यांनी तो ओढला, बटण दाबलं. बोलले नाहीत. लाईनवर सगळ्यांना नुसता श्वास ऐकू येत होता.

त्यांना तसंच राहू द्या, मंडळी. तेवढ्यात आपण आपल्याकडे वळू. आपणही कुणालातरी म्हटलेलं असतं, तू आधी सही कर, मी बघतो मागाहून. तो आपल्यावर विश्वास ठेवून सही करतो. पुढचा त्या सहीवर विश्वास ठेवतो. आणि आपण मागाहून बघत नाही. चूक उघडी पडली, की सही त्याची निघते! देव कपाळावरचं गंध बघत असेल, नसेल, मला ठाऊक नाही. पण तुमच्या शब्दावर ज्याने हात चालवला, त्याच्या बाजूने बोलायला तुम्ही उभे राहिलात का — एवढं तरी तो विचारेल. आज घरी जाताना एक नाव आठवा. एकच.

आता ऐका. लाईनवर आवाज आला —

“मी यशवंत घोलप बोलतोय. लाईन थांबवा. यार्डातली एकही गाडी उद्या बाहेर जाणार नाही. टेकाळेबाई, लिहून घ्या — रेघ आधी ओढायला मी सांगितलं होतं.”