भावाला खाल्लेली

– नाही मामा, मोडलंच म्हणा. आईला तसंच सांगा, वसुमती नको म्हणाली. त्रिविक्रम वाईट आहे असं मी कुठं म्हटलं? तुमचा मुलगा, लहानपणापासून बघितलेला, आपल्यात मामाच्या मुलाचा हक्क पहिला, सगळं सरी, बरोबरच – पण लग्नानंतर ही प्रयोगशाळा बंद, हे उंदीर बंद, हीच तुमची अट ना? मग संपलं. बसा की, त्या स्टुलाला काही लागलेलं नाही. वास येतोय? येणारच. घरात मला मागच्या दारानं घेतात, ठाऊक आहे? डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय आई स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही. घेते मी पाणी. त्यावरून भांडत नाही.

मलेरिया दिलाय ह्या सगळ्या उंदरांना. हा बघा – मान वाकडी, पाय झाडतोय, आजच्या आज जाईल. आणि हे शेजारचे? त्यांनाही तोच मलेरिया, त्याच दिवशी दिलेला, आणि खातायत बघा कसे निवांत! का? जन्मल्या जन्मल्या मी त्यांच्या छातीतली एक गाठ काढली, थायमस म्हणतात – रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथं तयार होतात. एवढी एवढीशी पिल्लं, बर्फावर गार करायची म्हणजे हलत नाहीत. आणि परत ठेवताना घरट्यातलाच भुसा अंगाला चोळायचा, नाहीतर माणसाचा वास लागला म्हणून आईच खाते त्यांना. हो, खाते! तोंड कशाला वाकडं करता?

तर मला सांगा, ज्यांचे शिपाईच काढून घेतले ते आधी मरायला हवेत की नाही? मलाही तसंच वाटलेलं. उलटंच झालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. जंतू ह्यांच्या रक्तात जास्तच आहेत बरं का, हेही मरतील पुढं, रक्त आटून – पण झटके नाहीत. झटके येतात धडधाकटांना. म्हणजे मेंदूची नासधूस एकटा जंतू करत नाही मामा, अंगातले राखणदारच त्याला हातभार लावतात... घड्याळ बघू नका, स्वल्प ऐकून घ्या.

अण्णांची सागरला बदली झालेली, आठवतंय? मलेरियाचं गाव. नरसिंह आणि मी एकदमच तापानं पडलो. तो माझ्याहून मोठा, नदीत पोहणारा, अंगानं भरलेला – मी नुसती काडी. डॉक्टर म्हणाले, मुलाची काळजी नको, त्याच्यात ताकद आहे, मुलीकडे बघा. आणि झटके कुणाला आले? तो गेला, मी उठून बसले. तेव्हा आई काय म्हणाली? तुम्ही खाटेपाशीच उभे होता. ‘भावाला खाल्लं हिनं.’ मी जागी होते मामा. तुम्ही तिचे धाकटे भाऊ – ‘अक्का, असं बोलू नको’, एवढं तरी म्हणायचं होतंत. नाही म्हणालात.

अय्यो, हे कुठं बोलत बसले मी! पण बोललेच आहे तर ऐका. म्हणूनच ना हे स्थळ? भावाला खाल्लेली, बाहेर कोण करून घेणार, आपल्याच घरात झाकून ठेवू – असंच ना? मान खाली घालू नका, मला उत्तर मिळालं. तुमचे उपकार नकोत मला.

उंदरात झालं तेच नरसिंहाच्या डोक्यात झालं का? ठाऊक नाही. माणसाचं वेगळंही असेल, खोटं कशाला बोलू? पण ते कळेपर्यंत मी इथून हलणार नाही. आईनं घराचं दार बंद केलं तरी नाही, तुम्ही सगळे मिळून आलात तरी नाही!

आता डोळे कशाला पुसता? नरसिंहासाठी? त्याच्यासाठी मीही रडते, अजून रडते. पण त्या घरात दोन पोरं आजारी होती मामा, आणि एक वाचली होती. मी वाचले म्हणून कुणी देवापुढं साधा नारळ फोडला नाही. तुम्हीसुद्धा नाही.

उठा. मला काम आहे.