चार अंश डावीकडे

मेरिबरो गावातल्या फिजिओथेरपी दवाखान्याची मधली भिंत एका फळीची. म्हातारा फिजिओथेरपिस्ट लायनेल आणि त्याची नवी सहकारी टालिया आत भांडत होते, ते बाहेर बसलेल्या मर्लला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. शनिवारी लॉन बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाचा, अंतिम सामना होता आणि तिची खेळायची परवानगी आत अडकली होती.

"आपलं नवं कॅमेऱ्याचं यंत्र म्हणतंय, मर्ल डावीकडे चार अंश कलते. शनिवार बंद."

"टालिया, तीस वर्षं मी तिला ओळंबा लावून तपासतोय. सरळ आहे ती."

"दोरीला शिसं बांधून माणसं मापायला आपण गवंडी आहोत का, लायनेल?"

"बरं, मला उभा कर. काय म्हणतो तुझा देव?"

"चार अंश, डावीकडे."

"आता तू उभी राहा."

"...चार."

"आता हा ओळंबाच धरतो त्याच्यापुढे."

"अगं बाई! हाही चार?"

"लोंबतं शिसं कधी कलतं का? तुझा कॅमेरा कशावर उभाय?"

"जमिनीवर."

"आणि दवाखान्याची जमीन उंच खांबांवर. मागच्या पुरापासून एका बाजूचे खांब खचतायत. नऊ वर्षं घरमालकाला सांगतोय, तर म्हणतो, तुझ्याच नजरेत दोष आहे."

"मग यंत्र परत पाठवू?"

"खबरदार! ओळंबा चार अंश कलता दाखवणारा रंगीत कागद छापून काढ आधी. घरमालक माझं ऐकत नाही, यंत्राचं ऐकेल मेला."

मर्लला राहवेना. तिनं फळीवर थाप मारली.

"अरे, माझ्या शनिवारचं काय?"

"खेळ, बाई! फक्त जाताना जिना जपून उतर."