पुढली काच

माझं नाव बुधी. बुधवारची जन्मले म्हनून बुधी, आमच्यात असंच ठेवतात, माझी बहीन मंगळी. माहेर डोंगराच्या पलीकडं आन सासर इथं, अंबाडीपासनं आत, या पाड्यावर, दोन्हीकडं तेच, पावसात भात लावायचा, नाचनी लावायची, आन पाऊस सरला की दुसऱ्याच्या कामाला जायचं, त्यात लिहिन्यासारखं काय हाय ताई, पन तुमी वही काढून बसल्याच हायत तर लिवा. घरवाल्याचं नाव लहानू. आमी नवऱ्याचं नाव घेतो, त्याला अहो-जाहो पन करत न्हाय, तू बोलतो, तुमाला वंगाळ वाटलं तर वाटू द्या.

लहानू आधी दगडाच्या क्वारीवर डंपर चालवायचा. मानूस गाडीतला. बैलाला हात लावला तर बैल बिथरायचा, पन गाडी त्याचं ऐकायची. मंग वडप्याला गोडाऊन झाली, एवढाली मोठी, आतमंदी आमचा आख्खा पाडा मावंल अशी, आन त्यांना बाया पाहिजे झाल्या, पॅकिंगला, खोक्याला पट्टी मारायला. बाया हायत पाड्यावर आन काम हाय वडप्याला, मधला रस्ता कोन चालनार. तवा लहानूनं जुनी जीप घेतली. सकाळी बायांना वडप्याला सोडायचा, दिवसभर अंबाडी-भिवंडी पॅसेंजर मारायचा, सांजचं परत बायांना घेऊन यायचा. मी पन त्याच गाडीत, त्याच गोडाऊनला. पहिल्या दिवशी बायांनी गाडीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आन लहानू असा मान ताठ करून बसला, जसा काय इमान चालवतो. मी मागं बसून बघत व्हते. तवा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता काचेचं सांगते. तुमी आलात तो भिवंडी-वाड्याचा रस्ता बघितला ना, पुढं डंपर, मागं डंपर, वरून खडी सांडत जातात. एक एक खडा येतो आन काचेवर टच करून बसतो. काच फुटत न्हाय, फुटली असती तर बरं झालं असतं, नुसती टोचली जाते, तांदळाच्या कनीएवढा खड्डा पडतो. असे खड्डे पडून पडून ती काच देवी येऊन गेलेल्या तोंडासारखी झाली व्हती, वरून बोट फिरवलं तर खरखर लागायची. वायपरचं रबर झिजलेलं, त्यानं मधी चरे पाडले ते वेगळे. लहानू हसायचा, बोलायचा, डंपरवर असताना मी लोकांवर दगड उडवले, ते आता मला परत आले बुधे. दुपारचं काय वाटायचं न्हाय. पन सांजचं आमाला आनायला वडप्याकडं यायचा तवा उन्हं समोरून यायची, तवा सगळी काच पेटायची. आन परतीला अंधार पडायच्या वक्ताला समोरच्या गाड्यांचे लाईट आले का त्याला एकाचे दहा दिसायचे. लाईटीभोवती गोल दिसतं बोलायचा, रंगीत, चंद्राला खळं पडतं तसं.

काय काय न्हाय केलं सांगू का तुमाला. तंबाखू चोळली, सगळे डायवर चोळतात. दात घासायची पेस्ट चोळली. कल्यान नाक्यावर एकाकडनं पॉलिश मारून घेतलं, एक दिवस चमकली, दुसऱ्या दिवशी हाय तशी. मोठ्या खड्ड्यांवर त्यानं देवाची स्टिकरं चिकटवली, इकडं गावदेवी, तिकडं मारुती, बघायला जागा कमी झाली. बायका बोलल्या गाडीला नजर लागली, भगताला इचार. आमचा भगत पन त्याच गाडीनं बाजाराला जायचा. मी कोंबडी घेऊन गेले त्याच्याकडं, तर त्यो कोंबडीकडं बघून बोलतो, बुधे, मी पुढं बसतो तुझ्या नवऱ्याच्या गाडीत, मला म्हाईत हाय, याला लिंबू-मिरची नको, काच बदल. कोंबडी मात्र ठेवून घेतली त्यानं.

गाडी हळू झाली. बायांना घरी यायला उशीर व्हायला लागला, पोरं उपाशी, त्या कुरकुरायला लागल्या. एका खड्ड्यात चाक असं आपटलं का माझ्या जावेचा ओठ फुटला. मंग मी पुढं बसायला लागले, त्याच्या बाजूला, आन सांगायला लागले. म्हस आली, गतिरोधक आला, सायकलवाला हाय डाव्या अंगाला, डंपर येतो, कडेला दाब, जाऊ दे त्याला. पहिल्यांदा त्याला राग यायचा, मला काय आंधळा समजते का बोलायचा. मंग राग यायचा बंद झाला. मी एक दिवस बोलायची थांबले तर त्यो बोलला, गप का झाली. तरी आमी दोघं काचेलाच शिव्या देत बसलो. सकाळी जाताना, सांजचं त्यो वडप्याला यायचा तवा, परतीला, सगळ्या वक्ताला मी पाहिजे झाले, मंग गोडाऊनचं काम सोडलं. मुकादम बोलला मावशी, घरी बसून काय करनार. मी बोलले, घरी न्हाय बसत, गाडीत बसते.

तरी झालंच. गवताचा भारा घेतलेला एक म्हातारा त्याच्या बाजूनं रस्त्यावर आला, मी माझ्या बाजूला बघत व्हते, आन गाडीचा आरसा भाऱ्याला लागला. भारा एकीकडं, म्हातारा एकीकडं. हात खरचटले, बाकी देवाच्या कृपेनं काय न्हाय, पन त्यो तसाच रस्त्यात बसून राहिला. लहानू त्याच्या पाया पडला. म्हाताऱ्यानं गाडीकडं बघितलं आन बोलला, अरे बाबा, असल्या काचेतनं तुला दिसनार तरी कसं, मानूस मारशील एक दिवस. म्हंजे त्यानं पन काचेलाच धरलं. आता इचार करते तवा कळतं, त्यो म्हातारा बाजूच्या खिडकीतनं दिसायला पाहिजे व्हता, आन त्या खिडकीला तर काचच नव्हती. पन तवा कोनाच्याच डोक्यात आलं न्हाय, ना आमच्या, ना म्हाताऱ्याच्या.

घरातल्या दोन बकऱ्या विकल्या आन वडप्याला नवी काच घालायची ठरवली. काचवाला युपीचा, लई बोलनारा, जुन्या काचेवर हात फिरवून बोलतो, भाभी, ये गड्ढा है, मैल थोडी है जो घिसने से जायेगा. बाया कामावर व्हत्या तवर दिवसाउजेडी त्यानं काच बसवली. जुनी मी मागून घेतली, म्हनलं कोंबड्यांच्या खुराड्याला लावीन. नवी काच अशी, तुमाला सांगते, जशी काय न्हायच. त्या दिवशी लहानूनं पॅसेंजर न्हाय मारले, गाडी सावलीला लावून बसला, भजी घेऊन आला, आमी दोघांनी खाल्ली. बाया सुटल्या, काच बघून हसल्या, एकीनं तिच्यात बघून केस नीट केले. मी पुढंच बसले, सवय झालेली, पन बोलले आता मी काय सांगनार न्हाय, आता तुझं तू बघ.

वडप्याच्या पुढं आलो, दिवस बुडत व्हता. मला सगळं दिसत व्हतं ताई, रस्त्याकडंच्या चिंचा, तारेवरचं पाखरू, समोरच्या डंपरवरचं नाव पन. आन बाजूला बघते तर लहानू तसाच, छाती स्टेरिंगला लावून, डोळे बारीक करून. समोरनं लाईट आला तशी त्यानं मान फिरवली. मंग शिवी दिली त्यानं. बोलला, साल्यानं फसवलं बुधे, कोनाची तरी जुनीच काच बसवली, बघ, तसंच गोल दिसतं, चल मागं, त्याची कॉलर धरतो. आन खरंच गाडी वळवायला लागला, भर रस्त्यात, मागं आठ-दहा बाया. मी बोलले थांब, कडेला घे. त्यानं घेतली. मी खाली उतरले, त्याला उतरवलं, आन त्याचं बोट धरून काचेवर ठेवलं. त्यानं बोट फिरवलं, इकडनं तिकडं. मंग आख्खा पंजा फिरवला. कुठं खरखर लागंना. काच गुळगुळीत व्हती.

त्यानं चावी काढली आन माझ्या हातात दिली. बाया उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, एकीनं पन इचारलं न्हाय का थांबलो, सगळ्यांना कळलं व्हतं. त्या मानसाला मी कवा रडताना बघितलं न्हाय, त्या दिवशी पन त्यो रडला न्हाय, मीच रडले. अंबाडीचा एक ओळखीचा डायवर जात व्हता, त्यानं गाडी पाड्यावर आनली.

ठान्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीनबाईनं कसल्या कसल्या मशिनीला डोकं लावायला लावलं आन बोलली काचबिंदू हाय, काळा मोतीबिंदू बोलतात त्यो, एक डोळा गेलेला हाय, दुसऱ्यात मधलं थोडं उरलंय, नळीतनं बघितल्यागत. गेलं ते परत येत न्हाय, राहिलं ते थेंब टाकून सांभाळा. मी इचारलं आपरेशन. ती बोलली त्यानं पन गेलेली नजर येत न्हाय. मंग इचारलं तिनं, लाईटीभोवती गोल कवापासनं दिसतंय. मी बोलले दोन पावसाळे झाले बाई, आमाला वाटलं काच खराब हाय. ती लिहिता लिहिता थांबली, माझ्याकडं बघितलं, परत लिहायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

जीप कामतघरच्या सलीमनं घेतली. आधी कापडाच्या लूमवर मिस्त्री व्हता, लूम बंद झाले तशी गाडी धरली. बोलला, भाभी, गाडी तो बुड्ढी है, पन काच एकदम जवान है. वंगाळ मानूस न्हाय. आता तोच पाड्यावरच्या बायांना वडप्याला नेतो, मी पन जाते त्याच गाडीनं, परत पॅकिंगला लागले. सलीम मला पुढंच बसवतो. मला सगळं दिसतं, पन सांगायला कोनी न्हाय, त्याला तरन्याला काय सांगायचं.

लहानू घरी असतो. शिडीवर चढू नको, चुलीजवळ जाऊ नको, एवढंच त्याचं जगनं झालंय. जुनी काच तिथं खुराड्याला लावलीय, बघा, कोंबड्या आतनं दिसतात. त्यो तिच्यापाशी बसतो आन खड्ड्यांवरनं बोट फिरवतो, हा वळनावरचा, हा त्या लाल डंपरचा, असं बोलतो, आन मी ऐकते. मला राग येतो त्या काचेचा. फोडून टाकावी वाटतं, फोडत न्हाय, त्याला तेवढंच हाय.

तुमी आता उजेड हाय तवर निघा ताई. तुमच्यासारख्या पोरीबाळींना सुखी ठेव म्हनून गावदेवीला सांगते मी, आन तुमाला एक सांगते, कवा लाईटीभोवती गोल दिसलं तर काच पुसत बसू नका, डॉक्टरकडं जा.

सांजचं गाडी रस्त्याला थांबली का तिच्या आवाजानं त्याला कळतं. मी घरात शिरले का पहिलं इचारतो, काय काय आलं आज रस्त्याला. मी हातपाय धुते, त्याच्या डोळ्यात थेंब टाकते, आन सांगते, म्हशी आल्या, भारेवाला म्हातारा दिसला, बरा हाय, डंपर लई व्हते, चिंचांना बार आलाय. रस्ता रुंद करायला त्या सगळ्या चिंचा कवाच तोडल्या. ते मी त्याला सांगितलं न्हाय. त्याच्या रस्त्याला हायत, राहू द्या.