खोडलेलं उत्तर

सासूबाई: तीन नसतील गं. तीन-तीन हृदयं घेऊन कोण जगतं? एक सांभाळता सांभाळता आपली पुरेवाट होते.

सून: ऑक्टोपस जगतो, आई. वाचलंय मी कुठेतरी.

सासूबाई: नक्की?

सून: म्हणजे... जवळजवळ नक्की. तुम्हाला किती वाटतात?

सासूबाई: मला दोन वाटतात. पण तू औषधाच्या दुकानात बसतेस, तुला जास्त कळणार. तीनच राहू दे.

सून: दुकानात ऑक्टोपस येत नाहीत हो औषधाला. तुम्हाला दोन वाटत असतील तर खोडते मी तीन.

सासूबाई: माझ्यासाठी नको खोडूस.

सून: खोडलं. दोन लिहिलं.

क्विझवाला: माइक चालू आहे ना? हं. प्रश्न नववा, सगळ्यांनी ग्लास खाली ठेवून ऐका! सूर्याभोवती एक फेरी मारायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ ज्याला स्वतःभोवती एकदा फिरायला लागतो, असा ग्रह कोणता? बारजवळच्या टेबलानं मोबाइल खिशात ठेवावा, मला इथून सगळं दिसतंय.

सासूबाई: शुक्र.

सून: पटकन बोललात!

सासूबाई: टेलिफोन एक्स्चेंजला माझ्या शेजारी बसायची ना एक, तिला ताऱ्यांचं वेड. रात्रपाळीत फोन कमी आले की ग्रह सुरू. तुला काय वाटतं?

सून: मला बुध वाटला होता. पण शुक्रच असेल.

सासूबाई: नाही, नाही. बुध वाटतोय ना तुला? मग बुध. मी ऐकलेलं किती जुनं. खोड ते.

सून: आई, अहो...

सासूबाई: खोड म्हणते ना.

सून: बरं. बुध. तुमच्या मुलाचा फोन आला का?

सासूबाई: क्विझ संपली की करतो म्हणाला. आज हो की नाही ते सांगायचंय त्याला. रविवारी गाडी घेऊन मला न्यायला येईल.

सून: मग हो म्हणून सांगा. त्यात विचार कसला करायचा?

सासूबाई: विचार नाही करत. बिअर पितेय.

सून: अर्धा ग्लास केव्हापासून तसाच आहे.

सासूबाई: चवीनं पितेय.

सून: तिथे तुम्हाला वेगळी खोली आहे म्हणे, खाली बाग आहे. त्याच्या नव्या संसारात बाळ आलं की तुमचा वेळ कसा जाईल ते कळणारसुद्धा नाही. तुमच्या मुलाने सगळा विचार केलेला दिसतोय.

सासूबाई: 'तुमचा मुलगा' काय गं सारखं? तुझा नवरा होता ना तो?

सून: होता. आता नाही, तसा कोर्टाचा कागदही आलाय.

सासूबाई: मला नाही आला कुठला कागद.

सून: तुम्हाला कशाला येईल?

सासूबाई: तेच म्हणतेय मी. मला कोणी काही विचारलं नाही. तो गेला, तुम्ही सह्या केल्या, आणि मी आपली तुझ्या स्वयंपाकघरात होते तिथेच. बरं, दहावा प्रश्न झाला की काय आपण बोलता बोलता?

सून: मी लिहिलंय. पियानोच्या पट्ट्या किती. अठ्ठ्याऐंशी.

सासूबाई: बरोबर असेल. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून वाचलं ते उत्तर.

क्विझवाला: पेनं खाली! कागद गोळा करतोय. काय म्हणतंय टेबल नंबर चार? ही बघा, पहिल्या फेरीची तपासणी झाली तुमची. दहापैकी सहा.

सासूबाई: सहा वाईट नाहीत.

क्विझवाला: वाईट नाहीत हो, पण खोडलं नसतंत तर दहा होते! रागावू नका, बाई, मी दिवसभर लोकांना गाडी शिकवतो, चुका बघून बघून डोळे तयार झालेत. हे बघा. तिसरा प्रश्न, सर्वात लहान हाड कुठे असतं? 'कानात' लिहिलंत. बरोबर. मग खोडून 'बोटात' केलंत. पाचवा, मागे मागे उडू शकणारा पक्षी. 'हमिंगबर्ड' लिहून खोडलंत, वर घार. घार कशी मागे उडेल?

सून: घार माझी नव्हती.

सासूबाई: माझी होती. पण मी म्हटलं होतं, तुझंच ठेव.

क्विझवाला: आणि हातात दुसऱ्या फेरीचा कागद आहे, यावर तर बघायलाच नको. ऑक्टोपसची तीन हृदयं, खोडून दोन. शुक्र, खोडून बुध. मी इतकी वर्षं कागद तपासतोय. लोक एकमेकांशी भांडून चुकतात, नवरा-बायको तर टेबलावर हात आपटून चुकतात. तुम्ही दोघी मान देऊन देऊन चुकता.

सून: म्हणजे शुक्र बरोबर होतं?

क्विझवाला: शुक्रच. ताई, तुम्हाला मी गाडी शिकवली. आठवतंय ना, चौकात काय करायचात? स्वतःला जायचा सिग्नल असायचा आणि ब्रेक लावून समोरच्याला हात करायचात, 'तुम्ही जा आधी' म्हणून.

सून: त्यात काय चुकलं?

क्विझवाला: मागचे सगळे हॉर्न वाजवायचे! आता शेवटच्या फेरीला मी नवा नियम काढतोय, तुमच्या टेबलाच्या कृपेने. खाडाखोड केली तर पहिलं उत्तर धरणार. माइकवर सांगतो सगळ्यांना.

सासूबाई: गेला बाई. फार बोलतो.

सून: खरं बोलतो पण.

सासूबाई: तू नव्हतीस ना शिकलेली गाडी आधी? तो असताना?

सून: तोच चालवायचा. मी शेजारी बसून नकाशा बघायची. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, शीक. आणि इथेही तुम्हीच आणलंत, घरात बसून दोघी भिंतीशी बोलणार का म्हणून.

सासूबाई: टीमचं नाव काय, असं त्याने विचारलं आणि आपलं उत्तर ऐकून हा सगळा पब हसला होता. 'सासू-सून'. परवा म्हणालीस, आता नाव बदलू या.

सून: कारण आता तसं काही राहिलं नाही ना, आई.

सासूबाई: आणि 'आई' म्हणतेस ते?

सून: ती सवय आहे.

सासूबाई: अच्छा. सवय.

क्विझवाला: शेवटची फेरी, मंडळी! नवा नियम ऐकला ना? पहिलं उत्तर तेच उत्तर. प्रश्न पहिला. असा कोणता प्राणी, ज्यात पिल्लांना जन्म नर देतो?

सून: समुद्रघोडा.

सासूबाई: समुद्रघोडा! बघ, एकदम बोललो दोघी. आमच्याकडे ही सोय असती तर माझा नवरा पहिल्याच दिवशी पळून गेला असता.

सून: आई, हळू. शेजारचं टेबल ऐकतंय.

सासूबाई: ऐकू दे. लिही. आणि आता दुसऱ्या प्रश्नाला तो जरा वेळ लावेल, बारवाल्याशी बोलतोय. तोवर मला एक सांग. खरं सांगशील?

सून: विचारा.

सासूबाई: सोमवारी मी तुला म्हटलं, तो मला न्यायला येतोय. तू ओट्याशी उभी होतीस, पाठ माझ्याकडे. तू काय म्हणालीस?

सून: जा म्हणाले.

सासूबाई: त्याच्या आधी.

सून: आधी काही नाही.

सासूबाई: मी पोटापाण्यासाठी लोकांचे फोन जोडलेत, माझे कान म्हातारे झाले नाहीत अजून. तू म्हणालीस, 'नका जाऊ.' मग नळ मोठा सोडलास. आणि मग वळून, तोंडभर हसून, 'म्हणजे, जा की, तुमचं नातवंड आहे.'

सून: मग? नाहीये का तुमचं नातवंड?

सासूबाई: आहे. त्याच्यासाठी जीव तुटतोय माझा, ते खोटं नाही बोलणार. पण तू पहिलं का खोडलंस?

सून: कारण मला काय हक्क आहे, आई? ते तुमचं रक्त. मी तुमची कोण? उद्या कोणी विचारलं, या बाईला तुम्ही का ठेवून घेतलंत, तर मी काय सांगू? आजीने नातवाला भेटू नये म्हणून? दुकानात रोज लोक येतात, आईसाठी औषध, सासूसाठी औषध. तुमची प्रेशरची गोळी नेताना मी नातं सांगायला घुटमळते. माझ्याच दुकानात.

क्विझवाला: प्रश्न दुसरा! उंट आपल्या कुबडात काय साठवतो?

सासूबाई: पाणी. लिही.

सून: आई, ते...

सासूबाई: लिहिलंस? मग राहू दे आता, नियम आहे. पुढे बोल.

सून: पुढे काही नाही. तुम्ही बोला. तुम्हाला जायचंय की नाही? तुम्ही तर एकदाही सांगितलं नाहीत. मी 'जा' म्हटल्यावर लगेच बॅग काढलीत माळ्यावरून.

सासूबाई: काढली. कारण मला वाटलं, हिला सुटका हवीय. वय काय तुझं! दुकानाशेजारचा तो चष्मेवाला तुला डबा खायला बोलावतो, तू घाईघाईने घरी येतेस. का, तर म्हातारी एकटी आहे. मी नसते तर थांबली असतीस.

सून: चष्मेवाल्याकडे? तो जेवताना स्वतःच्या चष्म्यांच्या काचांवर बोलतो हो! मला तुमच्याबरोबर जेवायचं असतं, म्हणून येते मी घाईघाईने.

सासूबाई: हे मला कधी सांगितलं नाहीस.

सून: तुम्ही कधी विचारलं नाहीत.

सासूबाई: मी विचारलं असतं तर तू खोडून सांगितलं असतंस.

सून: आणि तुम्ही ते खोडलेलंच खरं धरलं असतंत.

सासूबाई: तेच झालं ना सोमवारी. बघ, तो गाडीवाला मेला माइकवर ओरडतोय तेच आपल्या घरात चाललंय. तुला मी हवी, मला तू हवीस, आणि आपण दोघी मिळून माझी बॅग भरतोय.

सून: आई, रडू नका. इथे नको.

सासूबाई: मी नाही रडत. तू रडतेयस.

सून: बरं, मी रडतेय. बोलण्यात दोन प्रश्न ऐकायचे चुकले आपले.

सासूबाई: चुकू देत. शेवटचा ऐक.

क्विझवाला: आणि हा शेवटचा! पाणी गोठून बर्फ झाला की त्याला जागा जास्त लागते की कमी?

सून: जास्त. बाटली फ्रीझरमध्ये फुटली होती आपली.

सासूबाई: तूच ठेवली होतीस.

सून: मीच. लिहिलं.

क्विझवाला: वेळ संपली, पेनं खाली! द्या, टेबल नंबर चार. अरे वा, एकही खाडाखोड नाही? फ्रेम करून लावतो हा कागद. फक्त उंटाच्या कुबडात चरबी असते हो, पाणी नाही. बारवर जातो, सगळ्यांचे तपासून निकाल सांगतो.

सून: मला माहीत होतं चरबी. तुम्ही लिहायला लावलंत.

सासूबाई: माझं चुकलं ते.

सून: म्हणजे पहिलं उत्तर चूकही असतं, आई.

सासूबाई: असतं ना. चुकलं तर एक गुण जातो, आणि लोक हसतात. बाकी काय होतं? आता मी विचारते. शेवटचा प्रश्न, माझ्याकडून. जाऊ मी?

सून: नका जाऊ.

सासूबाई: हं.

सून: म्हणजे, बाळ झालं की जायलाच हवं तुम्ही, ते मी कशी अडवेन, आणि त्यालाही वाटत असेल की आईने...

सासूबाई: अगं, थांब. पुढचं बोलू नकोस. खोडशील.

सून: फोन वाजतोय तुमचा. त्याचाच आहे.

सासूबाई: दे इकडे. हॅलो. हो रे, ऐकू येतंय, पबमधल्या लोकांचा आवाज आहे हा. बोल. ... नाही, रविवारी नको येऊस. ... रागावले नाही रे, राजा, तुझ्यावर रागवायचं ते मागेच रागावून झालं. बाळ झालं की फोन कर, त्याच दिवशी येईन. राहीन, न्हाऊ-माखू घालीन, अंगाई म्हणेन, सगळं करीन. पण महिना झाला की मला घरी सोडायचं. ... घरी म्हणजे? अरे, घरी म्हणजे घरी. ती आहे ना तिथे. ... नाही, तिने काही शिकवलेलं नाही मला. ती तर जा म्हणत होती. ... हो. हो रे. बरं, ठेवते आता. माइकवर आमचा निकाल सांगतोय.

क्विझवाला: ...आणि पाचव्या नंबरवर, पहिल्यांदाच एवढे वर, टेबल चार! नाव तेच ठेवायचं ना ताई, की बदलायचं म्हणत होतात?

सून: तेच राहू दे.