इमामच्या पखालीतलं तळाचं पानी

ऐका रं! अन् ए, जरा मागं सरक, शेकोटीत पाय घालशील. भ्या वाटत असंल तर आत्ताच घरी जा. मधीच "आज्जा, पुरं" म्हनायचं न्हाई.

तर आपला इमाम पखालजी. चामड्याची ही एवढी पखाल पाठीला लावून टेकडीवरच्या उरुसाला पानी वाहायचा. मानूस गुनाचा. त्या साली उरूस आटपला, अंधार पडला, अन् ह्यो एकटाच निघाला हिवराच्या झाडाकडल्या पायवाटेनं. निघाला खरा, पन पाय उचलंना. मन खात व्हतं त्याला!

का? त्याच्या आदल्या उरुसाचं ऐका. भर दुपारी त्याच वाटेवर, हिवराखाली एक म्हातारी बसलेली. व्हट फुटलेले. ओंजळ पुढं करून म्हनली, "बाबा, घोटभर दे." इमाम दमलेला. चालता चालताच म्हनला, "पखाल रिकामी हाय, माय."

खोटं! पखाल कधी पुरी रिकामी ठेवत न्हाईत, चामडं वाळून तडकतं. तळाला चार ओंजळी पानी असतंच. चार पावलं टाकली अन् त्ये डुचमळलं. म्हातारीनं ऐकलं. तिनं ऐकलं, ह्ये इमामला कळलं. तरी त्यो वळला न्हाई.

दुसऱ्या दिवशी ती तितंच मेलेली सापडली. इमामनं वरीसभर कुनाला सांगितलं न्हाई. बायकोलाबी न्हाई. म्हनून ह्या उरुसाला त्यानं तळाचं पानीसुदीक वाटून टाकलं. तडकली पखाल तर तडकू दे, म्हनला.

आता ध्यान द्या. हिवर जवळ आला अन् पाठीवर आवाज. डुचुक! इमाम थांबला. आवाज थांबला. चालला, परत डुचुक, डुचुक! पखाल तर कोरडी ठन्न!

मग वजन चढाया लागलं. अर्धी भरल्यागत, मग पुरी. इमाम वाकला. अन् खाली बघतोय तर पायापाशी दोन हात. वाळकी ओंजळ!

"बाबा, घोटभर दे."

"रिकामी हाय, माय!"

आता गड्यांनो, ह्या खेपंला त्यो खरं बोलत व्हता. पन कोन इस्वास ठेवनार? जितक्यांदा "रिकामी" म्हनला तितक्यांदा वजन वाढलं. गुडघं टेकलं. छाती मातीला लागली. श्वास मिळंना. मरतोय आता!

"व्हतं, माय!" इमाम वरडला. "त्या दिशी पानी व्हतं! माझ्या पाठीवर व्हतं अन् म्या दिलं न्हाई!"

पखालीचं तोंड आपसूक सुटलं. धो धो पानी! ओंजळ भरंना, धार थांबंना. ती प्यायला वाकली अन् इमामनं पट्ट्यातनं अंग काढलं, पळत सुटला. एकदाबी मागं बघितलं न्हाई. म्हनून वाचला.

सकाळी त्याच्या तोंडून ऐकून गावातली आम्ही चौघं गेलो. पखाल तितंच, पार तडकलेली. खालची माती कोरडी. थेंबभर वल न्हाई.

इमामनं परत पखाल उचलली न्हाई. त्या राती बायकोनं तांब्या पुढं केला तर म्हनला, "आधी दारात बघ, कोन बसलंय का." पुढं बारा वर्सं जगला. दर घोटाला त्येच इचारायचा. अन् दारात कुनी नसलं की रडायचा.

तवा त्या वाटेनं जाऊ नका रं, दिवसाबी नका. अन् वाट चुकून गेलातच, कुनी पानी मागितलं, तर असंल त्ये द्या. आता उठा. अन् ए, त्यो तांब्या सगळा संपवू नगंस, ठेव घोटभर.