तान आन येईपर्यंत

...नाही हो ताई, ठेवा की पाय त्या खोक्यावर, रिकामंच आहे, आणि माझे डोळे लाल दिसतायत तो सायगॉनचा धूर, आमच्या गावी, बा त्रीला, चाळीस वर्षं चुलीपुढे बसून जेवढा धूर खाल्ला नसेल तेवढा आज एका सकाळीत खाल्ला, पण शहर म्हटल्यावर चालायचंच, नाही का?

तुमचं तान आन येईपर्यंत सांगते, साठी आली तरी मी एकटी कधी कुठे गेले नव्हते. पहाटेची बस धरली. एका हातात खोकं, त्यात खारे मासे, नारळाच्या वड्या, केळीच्या पानातला भात. दुसऱ्या हातात पोत्यात बदक, जिवंत, नुसती मान बाहेर. लेक म्हणाली होती, आई, मी येते स्टँडवर घ्यायला. कुएन तिचं नाव, बुटांच्या कारखान्यात आहे, तीन वर्षं झाली. मी उतरले आणि बघते तर काय, सगळ्या बायकांची तोंडं बांधलेली! फुलाफुलांचं जाकीट, टोपी, वर हेल्मेट, खाली मास्क, नुसते डोळे. आता ओळखायचं कसं? पोटची पोर ओळखू येईना मला! तिघींना हाक मारली, कुएन, अगं कुएन... दोघी हसून गेल्या. तिसरी थांबली, मास्क खाली केला आणि म्हणाली, "मावशी, मी तुमची कुएन असते तर बरं झालं असतं. माझी आई गेली गेल्या साली." मी खोकं उघडलं, तिला एक वडी दिली. शहर म्हटल्यावर चालायचंच.

तासभर उभी. फोन लावते, वाजतोय, उचलत नाही. मनात काय काय येतं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही लेकुरवाळ्या आहात. शेवटी एका मोटरसायकलवाल्याला पत्त्याचा कागद दाखवला. परक्या पुरुषाच्या मागे मी या वयात पहिल्यांदा बसले, मांडीवर खोकं, खांद्याला बदक, आणि तो गृहस्थ सुटला तो असा, की समोरून ट्रक, बाजूने बस, मध्ये आम्ही, आणि रस्ता भरला तर सरळ फुटपाथवर, तिथे एक बाई भाताच्या ताटल्या मांडून बसलेली, तिनं नुसता पाय आखडून घेतला, वर बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, बाबा, हळू. तो म्हणतो, "मावशी, हळू गेलं तर मागचा आपल्याला घेऊन जातो." सिग्नलला बदक ओरडायला लागलं तर म्हणे माझ्या हॉर्नपेक्षा बरं वाजतंय. सगळा सिग्नल हसला. मी नाही हसले. माझं लक्ष फोनकडे.

गल्लीत पोचले. गल्ली म्हणजे काय, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं श्वास सोडावा लागतो. घरमालकीण दारातच बसलेली, मी कुएनची आई म्हटल्यावर म्हणाली, रात्रपाळी करून आलीय, झोपलीय, आणि बदक इथे कापायचं नाही, मोरी तुंबते. दार ढकललं... ताई, आमचा गोठा याहून मोठा आहे. चौघी राहतात. दोघी कामावर असल्या की दोघींना अंग टाकायला जागा. चूल संडासाच्या दाराला लागून. आणि माझी पोर फरशीवर, कारखान्याचा गणवेश तसाच, एक हात हेल्मेटच्या पट्ट्यात अडकलेला. मला घ्यायला निघालेली हो, बसून बूट घालता घालता तिथेच आडवी झालेली. फोन उशाशी वाजून वाजून गप्प.

मी उठवलं नाही. मी भिंतीला टेकून बसले. आणि त्या बदकाला नेमकं तेव्हाच सुचलं ओरडायला! तुम्हाला सांगते, चार तास मी त्या बदकाची चोच हातात धरून बसले. सोडली की कुएनची पापणी हलायची. पुन्हा धरली. बोटांना मुंग्या, पाठीत कळ, बदक माझ्याकडे बघतंय, मी बदकाकडे. शेजारच्या खोलीत टीव्ही, वर कुणीतरी खिळा ठोकतंय, त्या सगळ्या आवाजात पोर गाढ, पण बदकाच्या आवाजानं जागी होत होती. घरचा आवाज ना तो. शहर म्हटल्यावर... जाऊ दे.

दुपारी तिला जाग आली. "आई, तू कधी आलीस?" म्हणाली आणि रडायलाच लागली, मला घ्यायला आली नाही म्हणून. मी खारा मासा परतला, संडासाच्या दाराशी, भात वाढला. मी काय ठरवून आले होते ठाऊक आहे? पुरे झालं, आता घरी चल, असं सांगणार होते. बसमध्ये दहादा पाठ केलं होतं. सांगितलंही. ती खाली बघून जेवत राहिली. मग म्हणाली, "येऊन काय करू, आई? नदीला समुद्राचं खारं पाणी चढलंय. बागेत नारळ धरत नाही. तुम्ही दोघं खाणार काय आणि मी खाणार काय?"

खरंच आहे ते, ताई. तिचे वडील रोज ओंजळभर पाणी तोंडात घेतात, खारटपणा बघायला, आणि थुंकून घरी येतात. मी तिच्या ताटात आणखी भात वाढला. बदक घरमालकिणीला देऊन टाकलं, म्हटलं, पोरीला कधी ताप आला तर बघा. तिनं घेतलं. रात्रपाळीला जायच्या आधी पोरीनंच मला या बसमध्ये बसवलं, खिडकीतून हात धरला, सोडला.

तुमचं तान आन आलं वाटतं... उतरा सावकाश, पायरी उंच आहे. तुम्ही उतरणार म्हणून तुम्हाला सगळं सांगितलं हो. बा त्रीत सगळ्या विचारायला जमतील. त्यांना सांगेन, पोरीची खोली हवेशीर आहे, मालकीण प्रेमळ आहे, पोरीनं अंग धरलंय. गेल्या वर्षी शेजारची लिएन शहरात तिच्या लेकीकडे जाऊन आली, तिनंही शब्दन् शब्द हेच सांगितलं होतं. आणि मी मेली इतकी भोळी, वर्षभर तिचा हेवा करत बसले.